बिनआवाजाचे पंखे

३ मार्च, सोमवार

आजच्या उड्डाणाची खरी किंमत लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मन सोयीची बेरीज करणार नाही: पाती दोन, गॅलरीसमोरच्या झाडाची फांदी एक, आणि हिचा दहा ते अकराचा तास. पाती दुकानात मिळतात. फांदी झाड पुन्हा काढेल. तास मात्र दिवसाला एकच येतो. सकाळची गोळी लागू पडली की दहाच्या सुमारास हिचं डोकं ठणकायचं थांबतं, कपाळावरच्या आठ्या सुटतात, बोलावंसं वाटतं. अकराला पुन्हा डोळ्यांवर ओला रुमाल.

गॅलरीतून खाली रस्ता, रस्त्यापलीकडे तळं. तळ्याच्या मधोमध बेट, त्यावर दोन मोठी झाडं, आणि त्या झाडांवर दर वर्षी राखी बगळे घरटी करतात. ही गेली अठरा वर्षं मार्च महिन्यात तळ्याला फेरी मारून ती मोजते. कुणी सांगितलेलं नाही, आकडा कुणाला द्यायचा नाही. "शेजारी किती झालेत ते माहीत असावं माणसाला," म्हणते. यंदा जानेवारीपासून पलंगावर आहे. मागच्या महिन्यात डॉक्टर दवाखान्याबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आता महिन्यांत मोजू नका." डॉक्टर उभ्या उभ्या बोलतात तोवर ठीक असतं. बसले, तेव्हाच समजलो.

म्हणून हा कॅमेऱ्याचा ड्रोन आणला. हिला तळ्यावर नेता येत नाही, तर तळं पलंगावर आणायचं. हिनं उशीला टेकून टॅबवर बघायचं आणि मोजायचं. मोटार वाइंडिंगचं दुकान विकल्यापासून मला दुसरं काम तरी काय आहे.

आज पहिल्यांदा सोडला. मोहोळ उठल्यासारखा आवाज. बेट अजून लांब होतं तरी बगळ्यांनी माना वर केल्या. ही आतून म्हणाली, "अहो, मागे घ्या. अंड्यांवरून उठतील बिचारी, कावळे टपूनच बसलेत." घाईत मागे घेतला तो थेट फांदीत.

"राहू द्या हो," ही म्हणाली. "इथं बसा जरा."

"बसून कसं चालेल," म्हटलं. "आवाज कमी केला पाहिजे. तुझ्या डोक्यालाही बरं पडेल."

तिनं ओला रुमाल डोळ्यांवर ओढून घेतला. पटलं असावं.

४ मार्च, मंगळवार

ड्रोनवाल्याकडे गेलो. तिशीचा माणूस, दाढी कोरलेली, बोलणं मात्र सर्जनसारखं.

"काका, कंपनीचीच पाती घ्या. मागवावी लागतील, दहा दिवस."

दहा दिवस. काही माणसांना दिवस डझनावर मिळतात, त्यातला हा.

"आत्ता हातात काय आहे ते दाखव."

तीन पाकिटं ठेवली. पहिली काळी कुळकुळीत, कार्बनची. "ही तुटत नाहीत," म्हणाला.

"मग काय तुटतं?"

"मोटार. नाहीतर बोट."

माणूस प्रामाणिक आहे. दुसरं पाकीट नकलेचं. पातं उजेडात धरलं तर कडेला प्लॅस्टिकचा ओघळ दिसला, साच्यातून बाहेर पडताना रडल्यासारखा. ते बाजूला सारलं. तिसरी पाती टोकाशी जराशी वळलेली. "कमी आवाजाची. बाहेरच्या कंपनीची आहेत, पण लोक घेतात." नखावर तोलून बघितली. एक किंचित जड लागलं, पण जात चांगली होती. घेतली.

"चारही मोटारींची एकदम बदला. जुनी-नवी मिसळू नका. थरथरलं तर हलक्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावा. घरी घासबीस करू नका, काका."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून पंखे घासतोय," म्हटलं.

हसला. बेचाळीस वर्षं मोटारी बांधल्या म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्याच्या दुकानात तांब्याच्या तारेचे तुकडे झाडायला लागलो होतो आणि निघालो तेव्हा पाटीवर माझं नाव होतं. अशा गोष्टी आपण सांगायच्या नसतात, समोरच्यानं विचारायची वाट बघायची असते. त्यानं विचारलं नाही.

५ मार्च, बुधवार

फजिती लिहून ठेवायला हरकत नाही. दोन मोटारी उजवीकडे फिरतात, दोन डावीकडे, त्यामुळे पातीही दोन प्रकारची. डावीकडच्यांच्या मुळाशी पांढरी खूण असते. खूण मी बघितली, पण बरोबर उलटी लावली. सुरू केला तर ड्रोन जागच्या जागी उताणा पडून कासवासारखा फडफडायला लागला.

ही इतकी हसली की सिस्टरनी धावत येऊन पाठीमागे उशी दिली. सिस्टर सकाळी आठ ते बारा येतात, पोटच्या पोरीइतक्या वयाच्या, पण दोघांनाही दटावतात.

"काकू, टाके नाहीत म्हणून बरं. काका, तुम्ही सर्कस काढा."

"बेचाळीस वर्षं," ही डोळे पुसत म्हणाली, "बेचाळीस वर्षं लोकांचे पंखे सुलटे केले या माणसानं."

पाती बदलून पुन्हा चालवला. उठला. पण चित्र थरथरत होतं, पाण्यातून बघावं तसं. घरटं आणि पाला वेगळा कळेना. ते जड पातं.

चिकटपट्टी लावायचा विचार आला होता. पण ते काम नव्हे, ती तात्पुरती समजूत.

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस गॅलरीत बैठक मारली. दोन पेल्यांच्या काठांवर सुई आडवी ठेवायची, सुईत पातं अडकवायचं, जी बाजू खाली झुकेल ती मागच्या कडेनं बारीक पॉलिश पेपरवर दोन हात फिरवायची. पुन्हा सुईवर. एकाचं जमलं की वाटतं दुसऱ्याचंही करावं. चारच्या चार पाती करून काढली. मग ड्रोन पाटाला दोरीनं बांधला आणि चालवून ऐकला. कड आणखी थोडी घासून पुन्हा ऐकला. असं वीसेक वेळा झालं असेल.

आज सकाळी साधलं. घरघर गेली. मोटारींचा तेवढा खालचा, गोल सूर राहिला, झोपलेल्या मांजरासारखा. पात्यांचा म्हणून आवाज शून्य. कंपनीलाही हे जमलेलं नाही. बढाई मारत नाही. गिऱ्हाईक मोटार उचलून पायऱ्या चढायच्या आधीच ती खाली हातगाडीवर वीज जोडून चालवायला वरून सांगायचो आणि बेअरिंग गेलंय की कॉइल ते आवाजावरून ओळखायचो. माझे हात म्हातारे झाले, गुडघे झाले, पण कान अजून पंचविशीतले आहेत. या गावात असा दुसरा कान नाही.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचं कुत्रं ऊर फुटल्यासारखं रडायला लागलं. कुत्र्यांना असल्या नव्या वस्तू बघवत नाहीत. सिस्टरनी खोलीची खिडकी लावून घेतली. म्हटलं, "वारा लागतोय का?" त्यांनी हिच्याकडे बघितलं.

"वारा लागतो," ही म्हणाली.

मी आत जाऊन विचारलं, "कसं झालंय?"

"छान झालंय." डोळे मिटलेले होते. "आता झालं ना सगळं?"

"झालंच. एका पात्यात केसभर फरक आहे, तेवढा काढतो."

९ मार्च, रविवार

लेक आली. ती तीन तासांच्या अंतरावर राहते, दर रविवारी पहिल्या गाडीनं येते आणि येताना डबे भरून आणते, जणू आम्ही दोघं उपाशी बसलोय. हिनं दोन चमचे सूप घेतलं. तेही लेकीचं मन राखायला.

जेवणं झाल्यावर म्हटलं, आता बघ बापाची करामत. गॅलरीत सुरू केला. लेकीनं खांदे आवळले. "बाबा, हा आवाज..."

"तुझे बाबा म्हणतात आवाज नाही," ही पलंगावरून म्हणाली. हळूच, पण शाळेत मुलं गप्प करायची तशी. तिनं एकवीस वर्षं बालवाडी सांभाळली आहे. "नाही म्हणजे नाही."

लेक स्वयंपाकघरात गेली आणि किती तरी वेळ नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी फार नव्हती. डोळे लाल करून बाहेर आली. आईचं दुखणं तिला सहन होत नाही. एकुलती एक आहे. मी तिला समजावलं की रडू नको, आईला आपण घरटी दाखवणार आहोत.

"दाखवा, बाबा," ती म्हणाली. "पण लवकर दाखवा आणि मग तो ठेवून द्या."

१० मार्च, सोमवार

दिवसभर सोसाट्याचा वारा. उडवणं अशक्य. हिच्या उशाशी खुर्ची ओढून बसलो, दुसरं काय करणार. हिनं माझा हात घेऊन आपल्या कपाळावर ठेवला. म्हणाली, "तुमचे हात किती खरबरीत होते, आठवतं? लग्नात मला वाटलं होतं, हा माणूस हात धरतोय की पोत्यानं पुसतोय." मग पहिल्या दुकानाच्या गोष्टी निघाल्या. पत्र्याखाली मी मोटारी बांधायचो आणि ही शाळेतून येऊन तारा गुंडाळायला बसायची. एकदा तिनं रागानं अख्खं रीळ उलटं गुंडाळलं होतं आणि मी ते तसंच वापरलं होतं, ते आज कबूल केलं.

"माहीत होतं मला," म्हणाली. "मोटार जळाली होती ना?"

"जळाली."

"तरी बोलला नाहीत."

अकरा वाजून गेले तरी रुमाल मागितला नाही. साडेबाराला हात तसाच धरून झोपली. गोळीचा गुण आज उशिरापर्यंत टिकला, त्याचं कारण सिस्टरना विचारलं पाहिजे.

घरट्यांच्या दृष्टीनं दिवस फुकट गेला.

११ मार्च, मंगळवार

उडवला. सरळ तळ्यावर गेला, डगमग नाही, थरथर नाही. बेटापासून चांगलं अंतर ठेवलं आणि कॅमेरा जवळ ओढला. टॅब हिच्या मांडीवर. हिनं दोन्ही कानांत कापूस घातला होता. विचारलं तर म्हणाली, "कानात गार हवा शिरते." संध्याकाळी लोकरीची टोपी आणून दिली.

"एक," ती मोजायला लागली. "दोन. तीन. हे जुनंच, गेल्या वर्षीचं. चार." तिचं बोट काचेवर फिरत होतं. अकरापर्यंत पोचली आणि थांबली. बगळे पंख अर्धे उघडून उभे होते, माना ताठ. स्वागताला उभे राहावेत तसे. हे मी म्हटलं. ती म्हणाली, "घाबरलेत."

"आवाज नाही तर घाबरतील कशानं? सावलीनं असेल."

"सावलीनं असेल," म्हणाली. "बाकीची उद्या."

१३ मार्च, गुरुवार

काल आणि आज दोन्ही दिवस बरोबर दहाला उड्डाण. तिचा तास एक मिनिटही वाया जाऊ देत नाही. पण झाडांची मागची बाजू राहते आहे. कालही अकरावरच थांबली, आज नऊवर. साडेदहालाच रुमाल मागितला. सिस्टर म्हणाल्या, "काका, एक दिवस नको उडवूया का?" त्यांना काय सांगणार. एक दिवस म्हणजे आमच्याकडे किती, ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी असं बोलतात.

१५ मार्च, शनिवार

मोजणी पूर्ण. ड्रोन निघाला तशी ही लगेच म्हणाली, "अहो, दिसली सगळी. बावीस. लिहा."

"मागची बाजू अजून यायची आहे."

"दिसली मला. बावीस. गेल्या वर्षीपेक्षा तीन जास्त. आता उतरवा ते आणि या इकडे."

उतरवला. कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बावीस. तिच्या वर्गातल्या मुलासारखा तो आकडा तिला वाचून दाखवला. तिनं गालावर थोपटलं. दुपारी मी रेकॉर्डिंग थांबवून थांबवून बघितलं. सतरा भरली. तिची नजर या कामात मुरलेली आहे, माझी काय बरोबरी.

इतकं समाधान गेल्या दोन महिन्यांत वाटलं नव्हतं. एखादी गोष्ट हातात घेऊन तडीस नेली की वाटतं, अजून आपला उपयोग आहे. सोमवारपासून पिल्लं दाखवायला सुरुवात करतो. पिल्लं बाहेर पडायला आली आहेत.

हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली आणि भिंतीकडे कूस वळवली.

१९ मार्च, बुधवार

गेली. पावणेअकरा वाजता. वाऱ्यामुळे ड्रोन बंदच होता. मी गॅलरीत पात्याची कड पुसत होतो. सिस्टरनी काचेवर टकटक केली.

२ एप्रिल, बुधवार

पंधरा दिवसांत काही लिहिलं नाही. माणसं आली, बसली, गेली. प्रत्येकानं विचारलं, शेवटी त्रास झाला का. मी सांगत होतो, शेवटचे दिवस छान गेले, रोज घरटी बघायची. लोक म्हणायचे, नशीबवान, असा नवरा मिळाला. लेक अशा वेळी उठून आत जायची.

ती काल परत गेली. आज मी ड्रोन ड्रोनवाल्याकडे घेऊन गेलो, म्हटलं, कुणाला लागला तर दे, माझं काम झालं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. खुर्ची पुढे केली, चहा मागवला, पात्यांबद्दल आधी काहीच बोलला नाही. मीच म्हटलं, "सुरू करून तरी बघ. दुकानात ठेवशील तर गिऱ्हाईकाला ऐकवता येईल. बिनआवाजाचा."

त्यानं टेबलावर दाबून धरून सुरू केला आणि तोंड वेडंवाकडं केलं. कॅमेऱ्याच्या बॅगा बघायला आलेल्या एका बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यानं घाईनं बंद केला.

"काका, ही शिटी कधीपासून?"

"कसली शिटी?"

त्यानं पुन्हा सुरू केला. "आता?"

"मोटारींचा सूर आहे. खालचा, गोल. चांगला आहे की."

"त्याच्या वर काही नाही ऐकू येत?"

"त्याच्या वर काय असणार?"

बंद केला. एक पातं सोडवून त्याच्या मागच्या कडेवरून नख फिरवलं. मी तयारच होतो, म्हटलं आता म्हणेल, सांगितलं होतं घासू नका. तसं म्हणाला नाही. "ही कड बोथट झाली ना, की हवा तिथं फाटते," म्हणाला. "बारीक शिटी वाजते. कानात सुई घातल्यासारखी. तुम्हाला खरंच..." मग वाक्य सोडून दिलं. बाई दुकानाबाहेर जाऊन उभ्या होत्या.

चहा तसाच ठेवून रस्त्यावर आलो आणि लेकीला फोन लावला.

"तू आली होतीस त्या रविवारी. गॅलरीत सुरू केला होता. शिटी वाजत होती?"

तिनं मी कुठे आहे ते विचारलं.

"खरं सांग."

"हो, बाबा."

"आईला ऐकू येत होती?"

"बाबा, आता कशाला."

"येत होती का?"

"आईला सगळ्यांत जास्त. तिचं डोकं..." मग म्हणाली, "मी सांगणारच होते तुम्हाला. तिनं शपथ घातली. म्हणाली, तो माणूस दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट जेवलाय. त्याच्या हाताला काम लागलंय. ते काढून घेऊ नको."

"मला म्हणाली, छान झालंय."

"हो."

"आणि बावीस?"

"ते मला माहीत नाही, बाबा. तुम्ही घरी जा. ऊन आहे."

घरी आलो. तिच्या उशाची खुर्ची अजून तिथंच आहे. तिच्यात बसलो. ती किती वेळा म्हणाली होती, इथं बसा जरा. मी बसलो तो एका दिवशी, आणि तोही वारा होता म्हणून.

४ एप्रिल, शुक्रवार

कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला भराभर दाबत होतो. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही, मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होतो. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई मात्र एकामागून एक कळा फिरवत होत्या आणि कागदावर खुणा करत होत्या. बाहेर आल्यावर विचारलं, मशीन मधेच बंद पडलं होतं का. म्हणाल्या, नाही, ते पूर्णवेळ चालू होतं.

कागदावर दोन रेघा आहेत. अर्ध्यापर्यंत बऱ्या चालतात, मग दोन्ही खाली कोसळतात.

"ग्राइंडरजवळ काम केलंय का?" बाईंनी विचारलं.

"बेचाळीस वर्षं."

"खालचे आवाज तुम्हाला चांगले ऐकू येतात. वरचे, बारीक आवाज गेलेत. हे आजचं नाही, निदान बारा-पंधरा वर्षांपूर्वीचं आहे. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं," म्हटलं. "सांगितलं नाही तिनं."